वैनगंगेकांठच्या शाळा, शेतें आणि त्यांवरची देखरेख

नागभीडहून गोंदियाकडे जाणारी आगगाडी ब्रह्मपुरी सोडून वैनगंगेच्या पुलावर चढली कीं पलीकडच्या कांठीं वडसा लागतें. लोकांच्या तोंडीं असलेलें नांव वडसा, तालुक्याच्या व नगरपरिषदेच्या दप्तरांतलें देसाईगंज. दोन्ही नांवें सारख्याच सहजपणें घेतलीं जातात. गडचिरोली जिल्ह्याच्या नकाशावर कित्येक दशकें रेल्वेचें स्टेशन म्हणून एवढें एकच नांव होतें. धानाचा बाजार, जंगलचा माल आणि सुगी आटोपल्यावर झाडीपट्टींतल्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या, या तीन गोष्टींसाठीं आसपासचीं माणसें येथें येतात.

मुलूख धानाचा. येथें शेताच्या बांध घातलेल्या तुकड्याला बांधी म्हणतात, रोपांना पऱ्हे, लावणीला रोवणी, आणि रोप न करितां नुसतें बीं पेरून घेतलेल्या धानाला आवत्या. गांवाच्या वरच्या अंगाला तलाव, शेताच्या उशाला बोडी. पावसानें ओढ दिली कीं साऱ्या गांवाचे डोळे तलावाच्या तुडुमाकडे लागतात. अशा मुलखांत शाळा चालविणें आणि शेतकऱ्यापर्यंत शेतीचें नवें ज्ञान पोंचविणें हें काम दीडशे वर्षें कोणी ना कोणी करीत आलें आहे. कामापेक्षां अधिक अवघड ठरला तो निराळाच प्रश्न : हें काम खरोखर होतें आहे कीं नाहीं, हें कोणीं पाहावयाचें? नागपूरच्या वा मुंबईच्या अधिकाऱ्यानें, जिल्ह्याच्या निवडून आलेल्या सभासदांनीं, कीं ज्याचें मूल शाळेंत बसतें आणि ज्याची बांधी पाण्याविना वाळते त्या गांवकऱ्यानें? या एका प्रश्नाचीं आजवर चार-पांच निरनिराळीं उत्तरें देण्यांत आलीं. तीं कशीं दिलीं गेलीं आणि कां मोडलीं, याचा इतिहास वडशासारख्या ठिकाणीं उभें राहून पाहिला म्हणजे तो अधिक स्पष्ट दिसतो.

नागपूरचें भोंसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें आणि १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. पुढल्याच वर्षीं, १८६२ सालीं, प्रांतांत विद्याखातें सुरू झालें. शेतसाऱ्याबरोबर शाळेसाठींहि एक लहानसा कर वसूल होऊं लागला. येथें एक विसंगति आरंभापासूनच आली. कर शेतीवर, शाळा गांवांत, परंतु त्या पैशाचा हिशेब गांवाला विचारण्याची सोय नव्हती. ती सोय निदान कागदावर झाली ती लॉर्ड रिपन यांच्या १८८२ सालच्या प्रसिद्ध ठरावानंतर. मध्यप्रांताचा स्थानिक स्वराज्याचा कायदा १८८३ सालीं आला व त्यान्वयें तहसिलीसाठीं लोकलबोर्ड आणि जिल्ह्यासाठीं डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशी जोडी तयार झाली. लोकलबोर्डावर खेड्यांच्या वतीनें माणसें निवडावयाचीं तीं गांवोगांवच्या मुकादमांनीं. व्यापारी वर्गाचे कांहीं प्रतिनिधि आणि सरकारनें नेमलेले कांहीं, असा त्या बोर्डाचा घाट होता.

मुकादम म्हणजे बहुधा मालगुजार किंवा त्याचा माणूस. तलाव त्याचा, गांवची वसुली त्याच्याकडे आणि शाळेवर नजर ठेवावयाची तीहि त्यानेंच. कांहीं मालगुजार खरोखर विद्येचे चाहते असतील, नाहीं असें नाहीं. परंतु ज्या घरची मुलें गुरें राखतात त्या घराला शाळेविषयीं बोलण्याची जागा या रचनेंत कोठेंहि ठेवलेली नव्हती. पूर्वेकडच्या जमीनदाऱ्यांत, म्हणजे जंगलाच्या पट्ट्यांत, शाळा आधींच विरळ. तेथें बोलण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. तेथल्या कित्येक मुलांची घरची भाषा गोंडी, आणि शाळा मराठी. मूल पहिल्या दिवशीं वर्गांत येऊन बसतें तेव्हां त्याला परक्याच्या घरीं आल्यासारखें वाटतें, हें हजेरीपटावरून कोणाला कळणार?

त्या काळच्या देखरेखीचें मुख्य साधन म्हणजे दौरा आणि शेरेबुक. साहेब किंवा इन्स्पेक्टर यावा, मुलांकडून पाढे म्हणवून घ्यावे, कित्ता पाहावा, शेरा लिहावा आणि पुढल्या मुक्कामीं जावें. दौऱ्याचा हंगाम हिंवाळ्याचा, कारण पावसाळ्यांत वैनगंगा आणि तिच्या उपनद्या रस्ते तोडून टाकतात. आतां धानाच्या मुलखांत शाळेची पटावरची आणि प्रत्यक्षांतली हजेरी यांतलें अंतर सर्वांत जास्त पडतें तें रोवणीच्या दिवसांत, आषाढ-श्रावणांत. त्या वेळीं मोठीं मुलें चिखलांत असतात आणि लहान मुलें त्यांहून लहान भावंडांना सांभाळीत बांधावर बसतात. हिंवाळ्यांत येणाऱ्या पाहुण्याला शाळा दिसते ती भरलेली. शेतकी खात्याच्या माणसाचेंहि तेंच. रोग पडतो भर पावसांत, आणि अहवालासाठीं पाहणी होते ती रस्ते वाळल्यावर. पंचांगाचा हा घोळ बारीक वाटेल, परंतु पुढच्या शंभर वर्षांतल्या पुष्कळशा योजना याच ठेंचेला अडखळल्या आहेत.

१९१९ च्या सुधारणांनीं शिक्षण, शेतकी आणि स्थानिक स्वराज्य हीं तिन्ही खातीं प्रांतांतल्या हिंदी मंत्र्यांच्या हातीं दिलीं. मध्यप्रांतानें १९२० या एकाच सालीं स्थानिक स्वराज्याचा नवा कायदा केला, प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि ग्रामपंचायतींचाहि केला. डिस्ट्रिक्ट कौन्सिलांत निवडून आलेल्यांचें बळ वाढलें. शाळा काढणें, मास्तर नेमणें, त्यांच्या बदल्या करणें हीं कामें आतां लोकांच्या प्रतिनिधींकडे आलीं.

या स्वातंत्र्याची पहिली कडक तपासणी झाली ती दहाच वर्षांनीं. सर फिलिप हार्टोग यांच्या समितीनें १९२९ सालीं हिंदुस्थानांतल्या शिक्षणाची स्थिति मांडली व प्रांतिक सरकारांनीं प्राथमिक शिक्षणाचा कारभार स्थानिक संस्थांवर गरजेपेक्षां अधिक सोंपविला असा ठपका ठेवला. हा ठपका सर्वस्वीं खोटा म्हणतां येणार नाहीं. निवडणूक जवळ आली कीं मास्तरांच्या बदल्यांना ऊत येतो, हें त्या काळीं जसें खेडोपाडीं ठाऊक होतें तसें पुढेंहि राहिलें. परंतु समितीच्या निदानांत एक बाजू लंगडी राहिली. पैसा प्रांताच्या तिजोरींत, नियम विद्याखात्याचे आणि दोष मात्र कौन्सिलाचा, अशी ती वांटणी होती. ज्याला खर्चाची मोकळीक नाहीं त्याला कारभारांत अपयश आलें तर त्याची परीक्षा कोणत्या मापानें करावयाची?

याच सुमारास, १९२८ सालीं, लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेतकी कमिशनचा प्रचंड अहवाल बाहेर पडला. सरकारी फार्मवर नमुन्याचें पीक काढून दाखविण्यापेक्षां शेतकऱ्याच्याच शेतांत प्रयोग करून दाखविणें बरें, असा त्या कमिशनचा कल होता. सरकारी फार्मवर बैल सरकारचे, खत सरकारचें आणि पाणीहि वेळेवर; तेथें पीक आलें यांत नवल काय, असें शेतकरी मनांत म्हणत असतो. हें ओळखल्याबद्दल त्या अहवालाला श्रेय दिलें पाहिजे. मात्र शेतकऱ्याच्या बांधींत प्रयोग करावयाचा तर त्याच्या भाषेंत बोलणारा, रोवणीच्या वेळीं चिखलांत उतरणारा माणूस हवा, आणि असा माणूस नेमणारी व त्याला जाब विचारणारी संस्थाहि जवळ हवी. ती कोठून आणावयाची याचें उत्तर मिळावयास आणखी वीस वर्षें लागलीं.

मधल्या काळांत एक धाडसी कल्पना येऊन गेली. १९३७ सालीं प्रांतांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें आणि पंडित रविशंकर शुक्ल शिक्षणमंत्री झाले. त्यांनीं विद्यामंदिर योजना मांडली. कल्पना अशी कीं, ज्या गांवांत शाळा नाहीं तेथें कोणीं दानशूरानें जमीन द्यावी, त्या जमिनीच्या उत्पन्नांतून मास्तराचा पगार निघावा आणि मुलांनीं त्याच शेतांत कामहि शिकावें. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण परिषद भरली होती व डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा तयार केला होता. विद्यामंदिराची योजना त्याच वातावरणांत वाढली आणि १९३९ सालीं तिचा कायदाहि झाला.

शेत आणि शाळा एका बांधाला आणण्याचा एवढा सरळ प्रयत्न या प्रांतांत त्यापूर्वीं झाला नव्हता. तथापि तिच्यांत दोन खोड्या होत्या. एक म्हणजे नांव. ‘मंदिर’ या शब्दावरून मुस्लिम समाजांत असंतोष उसळला, आणि शिक्षणाचा वाद नांवाच्या वादांत बुडाला. दुसरी खोड अधिक मूलभूत. ज्या वर्षीं पाऊस रुसेल त्या वर्षीं मास्तर काय खाईल? सरकारी पगार लहान असला तरी ठरलेला असतो. जमिनीचें उत्पन्न आभाळावर. झाडीपट्टींतल्या कोणत्याहि कुणब्यानें हा प्रश्न पहिल्याच बैठकींत विचारला असता. नोव्हेंबर १९३९ मध्यें युद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळानें राजीनामा दिला आणि योजनेची हवा गेली. तिचा उत्तम भाग असा कीं शाळेची जबाबदारी गांवानें आपली मानावी. तिचा दुबळा भाग असा कीं तो भार उचलण्यास गांवाजवळ काय आहे याचा हिशेब आधीं झाला नाहीं.

स्वातंत्र्यानंतर या प्रांतानें जें पाऊल टाकलें त्याची आठवण आज फारशी कोणी काढीत नाहीं, आणि हा विसर अन्यायाचा आहे. पंडित द्वारकाप्रसाद मिश्र हे त्या वेळीं स्थानिक स्वराज्याचे मंत्री होते. त्यांच्या पुढाकारानें ‘मध्यप्रांत व वऱ्हाड स्थानिक शासन कायदा, १९४८’ संमत झाला आणि १ जुलै १९४८ पासून डिस्ट्रिक्ट कौन्सिलें जाऊन त्यांच्या जागीं तहसीलवार जनपद सभा आल्या. जनपद हा शब्द प्राचीन, कल्पना मात्र नवी होती. तोंपर्यंत जिल्ह्यांत दोन राज्यें नांदत असत. एक डेप्युटी कमिशनरचें, ज्याच्याजवळ पोलीस, वसुली आणि अधिकार; दुसरें कौन्सिलाचें, ज्याच्याजवळ शाळा, रस्ते आणि कर्ज. जनपदानें तीं दोन्ही एका छपराखालीं आणण्याचें ठरविलें. तहसिलीची निवडून आलेली सभा धोरण ठरवील आणि सरकारचाच उपविभागाचा अधिकारी तिचा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून तें अंमलांत आणील, तहसीलदार त्याचा सहायक राहील, अशी ती व्यवस्था होती. जिल्ह्याऐवजीं तहसील हा घटक निवडला, हें विशेष. चांद्यासारख्या अवाढव्य जिल्ह्यांत वडशाकडच्या माणसाला जिल्ह्याचें ठिकाण शंभर किलोमीटरांहून दूर. सिरोंच्याच्या माणसाची तर गोष्टच सोडा. तहसिलीच्या गांवीं मात्र तो धानाची गाडी घेऊन जातोच.

योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत, १६ जुलै १९४८ रोजीं, नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. जनपद पंधरा दिवसांचें असतांना प्रांताला स्वतःचा आवाज मिळाला. त्याच वर्षीं प्रांताच्या सरकारनें प्रौढांसाठीं समाजशिक्षणाची मोहीम हातीं घेतली व उन्हाळ्याच्या सुटींत शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना खेड्यांत शिबिरें भरविण्यास धाडलें. सही करतां येणें एवढ्यावर न थांबतां आरोग्य, शेती, नागरिकाचे हक्क हेंहि शिकवावें, अशी या शब्दामागची दृष्टि होती. पुढें केंद्रीय पातळीवर मौलाना आझादांनीं ‘समाजशिक्षण’ हाच शब्द उचलून धरला.

जनपद टिकलें नाहीं. त्याचें पहिलें कारण पैसा. तहसिलीचा घटक जवळचा खरा, पण कराच्या दृष्टीनें फार लहान. धान पिकविणाऱ्या व जंगलानें वेढलेल्या तहसिलीला स्वतःच्या उत्पन्नावर शाळा, दवाखाने आणि शेतकीचें काम पेलणें कठीण. दुसरें कारण माणसांचें. मुख्य कार्यकारी अधिकारी सभेचा नोकर कीं सरकारचा, हा गुंता कायद्यांत सुटला असला तरी कचेरींत सुटला नाहीं. ज्याची बढती नागपुरांत ठरते तो सभेचा ठराव किती मनावर घेईल? आणि तिसरें, १९५० सालीं मध्यप्रांताचा मध्यप्रदेश झाला, १९५१ मध्यें मालगुजारी व जमीनदारी संपली, १९५६ च्या नोव्हेंबरांत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. ज्या राज्यानें जनपद जन्मास घातलें त्या राज्यापासूनच चांदा तुटला. नव्या राज्याच्या दृष्टीनें जनपद हा विदर्भापुरता एक जुना अवशेष होता.

मालगुजारी गेली तो बदल शेतीच्या दृष्टीनें कौन्सिल-जनपदाच्या बदलापेक्षां मोठा होता, हें येथें नमूद केलें पाहिजे. मालगुजार जुलमी असो वा दयाळू, तलावाची पाळ फुटली तर त्याचेंच नुकसान होई, म्हणून तो गाळ काढवी आणि पाळ बांधवी. तलाव सरकारजमा झाले आणि पाणी कोणाचें, गाळ कोणीं काढावयाचा, तुडूम कोणीं उघडावयाचा हे प्रश्न दप्तरांत गेले. पुढें त्यांतले लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. लोक त्यांना आजहि ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. शेतकीच्या शिक्षणाचा विचार करतांना सुधारलेलें बियाणें आणि खत यांचीच चर्चा होते. पाण्याची सामुदायिक व्यवस्था ही या मुलखांतली सर्वांत जुनी शेतकी शाळा होती, आणि ती मोडत असतां कोणत्याहि शेरेबुकांत त्याची नोंद झाली नाहीं.

इकडे दिल्लींत निराळेंच वारें वाहत होतें. १९४८ सालींच संयुक्त प्रांतांतल्या इटावा जिल्ह्यांत आल्बर्ट मेयर या अमेरिकन वास्तुशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखालीं ग्रामविकासाचा प्रयोग सुरू झाला होता. त्याच्या अनुभवावरून २ ऑक्टोबर १९५२ रोजीं समूहविकास योजना आणि पुढल्या वर्षीं राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. विकासगट, गटविकास अधिकारी, ग्रामसेवक हे शब्द तेव्हांपासूनचे. ‘विस्तार’ हा शब्द व त्यामागची कल्पना अमेरिकेंतून आली. तेथें १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानें प्रत्येक कौंटींत शेतीचा सल्लागार ठेवण्याची पद्धत पडली. त्याच्या खर्चांत केंद्र, राज्य आणि कौंटी अशा तिघांचाहि वांटा असे. कौंटी स्वतः पैसे मोजते म्हणून त्या माणसाला जाबहि विचारूं शकते. आपल्याकडे सल्लागार आला, त्याची जीपगाडी आली, त्याचे तक्ते आले. स्थानिक वांटा आणि त्याबरोबर येणारा स्थानिक जाब मात्र मागेंच राहिला. बलवंतराय मेहता समितीनें १९५७ सालीं नेमकें हेंच सांगितलें : लोकांनीं निवडलेल्या संस्थेच्या हातीं सत्ता दिल्याशिवाय लोकांना हा विकास आपला वाटणार नाहीं.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव नाईक यांच्या समितीनें १९६१ सालीं अहवाल दिला. मेहता समितीचा भर गटावर होता; नाईक समितीनें जिल्हा हा मुख्य घटक मानला आणि कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलें. जनपदाचे दोन्ही धडे त्यांत दिसतात. घटक पुरेसा मोठा असावा म्हणजे पैशाची ओढाताण होणार नाहीं, आणि वसुली-पोलीसाचा अधिकारी लोकसभेच्या डोक्यावर बसूं नये. १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वांत आल्या आणि विदर्भांतलीं जनपदें इतिहासजमा झालीं. जिल्हा परिषदेंत शिक्षण समिती बसली, कृषि समिती बसली. शाळेचा मास्तर आणि शेतीचा विस्तार अधिकारी हे दोघेहि पहिल्यांदाच एका निवडलेल्या संस्थेचे नोकर झाले.

पहिलीं पंधरा-वीस वर्षें उमेदीचीं होतीं. साताऱ्यांत १९५९ सालीं सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम राज्यभर पसरली. गांवांतल्याच शिकलेल्यांनीं रात्रीं न शिकलेल्यांना शिकवावें, सारा गांव साक्षर झाला कीं ग्रामगौरव समारंभ व्हावा, असा तिचा साधा बेत होता. १९७२ सालीं युनेस्कोचें पारितोषिकहि तिला मिळालें. नभोवाणीनेंहि वांटा उचलला. १९५६ सालीं पुणें केंद्रावरून पश्चिम महाराष्ट्रांतल्या पांच जिल्ह्यांत सुमारें दीडशे खेड्यांसाठीं शेतकरी-मंडळांचा प्रयोग झाला होता : गांवकऱ्यांनीं एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावे. कल्पना कॅनडांतली. ऐकणाऱ्यानें उलट विचारावें हा तिचा प्राण. हा प्रयोग झाला तेव्हां विदर्भ अजून दुसऱ्या राज्यांत होता. झाडीपट्टीच्या वाट्यास तो आला नाहीं.

झाडीपट्टीनें आपली सभा आपल्या रीतीनें भरविली. धान घरांत आलें, शंकरपट भरला, कीं रात्रीं नाटक. पूर्वींची दंडार, मग संगीत नाटक, आणि पुढें वडशांत कचेऱ्या थाटून गांवोगांव प्रयोग करणाऱ्या कंपन्या. हुंडा, दारू, सावकार, अंधश्रद्धा हे विषय त्या रंगमंचावर किती वेळां आले असतील याची गणति नाहीं. कोणत्याहि खात्यानें ही शाळा काढली नाहीं, कोणीं तिची तपासणी केली नाहीं. तिकीट काढून येणारा शेतकरीच तिचा इन्स्पेक्टर. या रंगभूमीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली तेव्हां पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांना ही रंगभूमि आहे हें प्रथम कळलें.

जिल्हा परिषदेच्या कृषि समितीला ओहोटी लागली ती १९८० नंतरच्या दशकांत. जागतिक बँकेच्या साह्यानें ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत आली. सल्लागारानें दुसरें कोणतेंहि काम करावयाचें नाहीं, ठरल्या वारीं ठरल्या गांवीं जावयाचें, निवडक संपर्क-शेतकऱ्यांना पंधरवड्याचा धडा द्यावयाचा आणि तो धडा त्यांनीं इतरांना सांगावयाचा. शिस्तीच्या दृष्टीनें पद्धत चांगली होती. परंतु तिच्यासाठीं शेतकीचें काम ग्रामसेवकाकडून व जिल्हा परिषदेकडून काढून राज्याच्या कृषि खात्याच्या सरळ साखळींत ओवण्यांत आलें. १९६२ सालीं जें एका छपराखालीं आणलें होतें तें पुन्हां दोन छपरांखालीं गेलें. आज तालुक्याच्या गांवीं पंचायत समितीचा कृषि अधिकारी एका कचेरींत असतो, राज्याचा तालुका कृषि अधिकारी दुसऱ्या कचेरींत. विहिरीचें अनुदान एका दाराशीं, कीड-रोगाचा सल्ला दुसऱ्या दाराशीं. शाळा तेवढी जिल्हा परिषदेच्या दाराशीं राहिली.

२६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि वडशाला जिल्ह्याचें ठिकाण जवळ आलें. अंतर कमी झालें म्हणजे देखरेख सुधारते, असें मात्र नाहीं. त्याचें ठळक उदाहरण वैनगंगेच्या पलीकडे, नागभीड तालुक्यांतल्या नांदेड या खेड्यांत सांपडतें. दादाजी खोब्रागडे हे तेथले अल्प शिक्षणाचे, दीड एकराच्या आसपास जमिनीचे शेतकरी. १९८३ च्या सुमारास त्यांना धानाच्या पिकांत कांहीं लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनीं जपल्या, वर्षामागून वर्षें निवडून पेरल्या, आणि त्यांतून बारीक दाण्याचें एक सुरेख वाण निघालें. बाजारांत त्याला त्या काळच्या प्रसिद्ध घड्याळाचें नांव पडलें : एचएमटी. शेतकऱ्यांनीं तें हातोहात एकमेकांना दिलें. जवळच सिंदेवाहीस कृषि विद्यापीठाचें धान संशोधन केंद्र. पुढें विद्यापीठाचें ‘पीकेव्ही-एचएमटी’ हें वाण प्रसारित झालें, तेव्हां मूळ निवड करणाऱ्याचें श्रेय कोठें गेलें यावरून बरीच खळबळ झाली. दादाजींना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा सन्मान २००५ सालीं मिळाला. ३ जून २०१८ रोजीं ते वारले. वादांतला न्यायनिवाडा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. विस्ताराची सारी यंत्रणा ज्ञान वरून खालीं नेण्यासाठीं बांधलेली. खालून वर आलेलें ज्ञान टिपण्यासाठीं तिच्या एकाहि तक्त्यांत रकाना नव्हता.

१९९३ सालीं अमलांत आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें अकरावें परिशिष्ट जोडलें. पंचायतींकडे सोंपवावयाच्या २९ विषयांत पहिलाच विषय शेती व शेतीचा विस्तार. प्राथमिक व माध्यमिक शाळा, प्रौढशिक्षण, वाचनालयें हेहि त्यांत आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानें तर अनुसूचित क्षेत्रांत सामाजिक क्षेत्रांतल्या संस्थांवर व नोकरांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेकडे व पंचायतींकडे देण्यास सांगितलें. महाराष्ट्राचे त्याचे नियम निघाले २०१४ सालीं, म्हणजे अठरा वर्षांनीं. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यान्वयें प्रत्येक शाळेची व्यवस्थापन समिति आली, तिच्यांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया. १८८३ च्या मुकादमापासून येथपर्यंतचें अंतर थोडें नव्हे.

कागदावरचा हा अधिकार गांवानें खरोखर वापरला तर काय होतें, हें धानोरा तालुक्यांतल्या मेंढा (लेखा) या गोंड गांवानें दाखविलें. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनें या गांवानें एक रीत पाडली : निर्णय सर्वसंमतीनें घ्यावयाचा, आणि निर्णयापूर्वीं अभ्यासगटांत बसून विषय समजून घ्यावयाचा. जंगल, बांबू, मधमाशा, कायदे असे विषय, आणि बाहेरचा जाणकार बोलावला तर तो सांगण्याइतकाच ऐकण्यासाठींहि. २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गांवाला मिळाला. देशांत असा हक्क मिळविणाऱ्या पहिल्या गांवांत त्याची गणना होते. तरीहि स्वतःचा बांबू विकण्यासाठीं वाहतूक-परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं यावयास एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठीं दिल्लीहून केंद्रीय मंत्र्याला यावें लागलें.

हीं उदाहरणें एकीकडे आणि दुसरीकडे जिल्ह्याची सभा. २०२२ सालीं महाराष्ट्रांतल्या बहुतेक जिल्हा परिषदांची व पंचायत समित्यांची मुदत संपली. आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयांत अडकला आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथें निवडून आलेले सभासद नव्हते. कारभार प्रशासकांकडे होता. शाळा उघडत होत्या, पगार होत होते, दप्तरें चालू होतीं. शिक्षण समितीच्या आणि कृषि समितीच्या खुर्च्यांवर मात्र कोणी नव्हतें. रोवणीच्या तीन हंगामांत वडशाच्या बाजूचा शेतकरी आपली तक्रार घेऊन जाई तेव्हां ती ऐकून घेणारा अधिकारी त्याला भेटे. ती सभेंत मांडून जाब विचारणारा सभासद त्याला भेटत नसे.